हजेरीचं कार्ड मशीन: जूनअखेरपासून मार्चपर्यंतचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात आमची पाचवी ते दहावीची शाळा आहे. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हापासून हे मशीन वापरतोय. आता मार्चची सकाळची शाळा लागली.

कार्डं १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारी, साधी. आत बॅटरी नाही, फक्त एक क्रमांक. मशीनच्या लहरींवरच कार्ड जागं होतं. दोन-चार सेंटीमीटरवर धरलं की बीप. पावसात भिजलेली, दप्तरात चेंगरलेली कार्डंही चालतात. मशीन लोखंडी कपाटावर बसवलं तेव्हा मात्र वाचन अडखळायचं. लाकडी फळीवर घेतलं नि अडचण मिटली.

लाईन जाते, म्हणून बॅकअप हवाच. नेट नसलं तरी नोंदी मेमरीत राहतात, पेनड्राइव्हवर उतरवता येतात. घड्याळाकडे मात्र लक्ष ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत मशीन बंद होतं. सुरू केलं तर तारीख भलतीच. आतला सीआर२०३२ बटणसेल संपला होता. सेल स्वस्त आहे, पण चुकीच्या तारखेच्या नोंदी दुरुस्त करताना जीव जातो.

खरा पेच कापूस वेचणीत आला. मशीनवर हजेरी भरलेली, वर्ग अर्धा रिकामा! एकेकाच्या खिशात मित्रांची कार्डं. पोषण आहाराची ताटं आणि मशीनचा आकडा जुळेना, तेव्हा कळलं. त्या पोरांवर रागावून काय होणार? वेचणीची मजुरी किलोवर मिळते, घरातले सगळे हात लागतात. आम्ही पालकांना जाऊन भेटलो. आता पहिल्या तासाला वर्गशिक्षक डोकी मोजतात आणि मगच हजेरी पक्की होते. मशीन कार्ड ओळखतं, मूल नाही. दहावीला तर हे फार जपावं लागतं, बोर्डाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती वेळेची नोंद. बाहेरगावच्या मुली रोज उशिरा, आणि सगळ्यांची वेळ जवळपास एकच: बस पोचते ती. त्यांच्या नावापुढचा उशिराचा शेरा बंद केला, गणिताचा तास पहिल्यावरून तिसऱ्यावर नेला.

नवीन घेणार असाल तर एक सांगतो. १२५ किलोहर्ट्झच्या कार्डाची नक्कल सहज होते. त्याच कार्डावर फी किंवा ग्रंथालय जोडायचं असेल तर १३.५६ मेगाहर्ट्झची, सांकेतिक सुरक्षा असलेली कार्डं घ्या. आणि हरवलेल्या कार्डाचा दंड लावू नका. दंडाच्या भीतीने मूल सांगतच नाही. आम्ही जुना क्रमांक बंद करून त्याच दिवशी नवं कार्ड देतो.