गाडी न दाखवता पासिंग करून देणाऱ्यांपासून सावध राहा

मुंबईत ज्यांच्या घरी पंधरा वर्षांच्या आसपासची बाइक आहे, त्यांनी हे जरूर वाचा. अशा गाड्यांची आरसी, म्हणजे रजिस्ट्रेशनचं कार्ड, संपलीय किंवा संपत आलीय, आणि नेमकी तीच गिऱ्हाइकं हेरणारे लोक फिरतायत. आमच्या बाबांना त्यातल्याच एकाने साडेआठ हजारांना फसवलं. पैसे गेले ते गेलेच, पण माझा खरा संताप दुसऱ्या गोष्टीचा आहे. त्याने बाबांच्या हातात बनावट आरसी ठेवली आणि बाबा ती खिशात घालून कित्येक महिने निर्धास्तपणे गाडी चालवत राहिले.

गाडी म्हणजे २००९ ची हिरो होंडा स्प्लेंडर. खाजगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. त्यानंतर इन्स्पेक्टरने गाडी तपासली आणि ती चालवण्यालायक ठरवली की ५ वर्षांसाठी वाढवून मिळतं. यालाच आपण सगळे पासिंग म्हणतो. आमची मुदत जून २०२४ मध्ये संपत होती. एका गॅरेजवाल्याने एजंटचा नंबर दिला.

एजंट घरी आला, चहा घेतला आणि बसल्याबसल्या बाबांना घाबरवलं. "काका, पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते, नवीन कायदा आहे. माझी आत ओळख आहे म्हणून वाचवून देतो." हे धडधडीत खोटं होतं. १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर येऊ न देण्याचा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा आदेश दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर भागापुरता होता. मुंबईत तसा नियम नाही. गाडी धड असेल तर इथे १५ नंतरच काय, २० वर्षांनंतरही आरसी रिन्यू होते. पण ज्या गाडीवर आम्हा भावंडांना शाळेत सोडलं, ती भंगारात जाणार हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा पडला. त्या माणसाला तेच हवं होतं.

पुढे म्हणाला, "गाडी आणायचीच नाही. चार फोटो द्या, बाकी मी बघतो." कुणीही असं म्हणालं तर तिथेच त्याला दार दाखवा. पासिंगला गाडी आरटीओत न्यावीच लागते. चासी नंबर (गाडीच्या फ्रेमवर कोरलेला) आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का, हे इन्स्पेक्टर समोर बघतो. हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक, आरसे, टायर बघतो. फोटोवरून यातलं काय कळणार?

मूळ आरसी, आधारची झेरॉक्स आणि यूपीआयने पैसे घेऊन तो गेला. अर्जावर मोबाइल नंबर स्वतःचा टाकतो म्हणाला, "काकांना ओटीपीचा त्रास नको." ऐकायला किती मायेचं वाटतं! पण ही सगळ्यात पक्की चाल आहे. आपला नंबर अर्जावर नसला की मेसेज का येत नाही हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. काही दिवसांनी व्हॉट्सअॅपवर फीची पावती आली, आणि मग तो स्वतः येऊन नवं कार्ड देऊन गेला. त्यावर मुदत २०२९ पर्यंत. वर एक नवी नंबर प्लेटही, "हायसिक्युरिटी, काका, आता कंपल्सरी आहे."

पुढच्या वर्षी नाकाबंदीत बाबांना अडवलं. हवालदारांनी कार्ड बघितलं, मशीनमध्ये नंबर टाकला आणि म्हणाले, "काका, तुमचं रजिस्ट्रेशन कधीच संपलंय." बाबा पुन्हा पुन्हा ते कार्ड पुढे करत राहिले. आयुष्यभर एकही सिग्नल न तोडलेल्या माणसावर भर रस्त्यात खोटी कागदपत्रं बाळगल्याचा संशय यावा, यासाठी मी त्या एजंटला कधीच माफ करणार नाही.

घरी आल्यावर सरकारच्या एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला. मुदत जून २०२४, पुढे काही नाही. पावतीवरच्या अर्ज क्रमांकाचा आमच्या गाडीशी संबंधच नव्हता. अर्ज झालाच नव्हता, फी भरलीच नव्हती. खरं आरसी कार्ड पोस्टाने घरच्या पत्त्यावर येतं, एजंट खिशातून काढून देत नाही, हेही तेव्हा समजलं. प्लेटही नकली. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना हायसिक्युरिटी प्लेट लागते हे खरं, पण ती परिवहन खात्याच्या साइटवरून बुक करायची असते. दुचाकीला जीएसटी धरून ५३१ रुपये पडतात. खऱ्या प्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती परत न उघडणाऱ्या लॉकने बसवतात. आमची साध्या नटबोल्टवर होती, होलोग्रामच्या जागी नुसता स्टिकर.

या महिन्यांत बाबांच्या हातून कुणाला धक्का लागला असता तर? गाडी चोरीला गेली असती तर? रजिस्ट्रेशन वैध नसलेल्या गाडीच्या चोरीचा क्लेम विमा कंपनी नाकारू शकते, असा सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा निकाल आहे. म्हणजे आम्ही वेळेवर भरत असलेला इन्शुरन्सही आमच्या कामाला आलाच असता याची खात्री नव्हती.

मग सगळं स्वतः केलं. परिवहनच्या साइटवर बाबांचाच मोबाइल नंबर टाकून रिन्युअलचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, भरला. तेव्हा रिन्युअलची फी १,००० रुपये, कार्डाचे २००, शिवाय ५ वर्षांचा पर्यावरण कर २,००० पडला. मुदत उलटून गेल्यामुळे दरमहा ३०० रुपयांचा दंड वेगळा, आणि तोही त्या माणसाच्या कृपेने. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, त्यामुळे तुमच्यावर हा दंड यायचं कारण नाही. इन्शुरन्स आणि पीयूसी चालू हवेत. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा लागतो. स्प्लेंडरचा नंबर हँडलखाली फ्रेमवर असतो आणि इतक्या वर्षांत त्यावर मळ आणि गंज चढतो. रॉकेलच्या फडक्याने हलकेच पुसा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, नंबर घासलेला दिसला की खाडाखोडीचा संशय येतो आणि पासिंग अडकतं. आम्ही एक इंडिकेटर आणि ब्रेक शू बदलले, बाकी गाडी बाबांनी जपलेली होतीच. इन्स्पेक्टरसाहेबांनी नंबर ताडले, लाइट आणि ब्रेक बघितले आणि गाडी पास केली. साडेआठ हजार ज्याच्यासाठी घेतले ते काम एवढंच होतं.

बनावट कार्ड, प्लेट, पावती, व्हॉट्सअॅप चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सगळं पोलिसांकडे दिलंय. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. आमच्या बाबतीत मधे महिने उलटले होते. पैसे ज्या खात्यात गेले ते तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघालं, आणि एजंटचा फोन तेव्हापासून बंद आहे.