तुटलेलं पातं शोधून काढणारं दुकान : फायबर होडी आणि आउटबोर्ड, मोसमभर वापरल्यावर

चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, किती ओढतं आणि किती पेट्रोल पितं हे किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही. लिहायचंय ते होडी आणि इंजिन जिथून घेतलं त्या दुकानाबद्दल. मुंबईत रे रोडच्या दारूखाना भागाच्या बाजूला एकाच कुटुंबातल्या माणसांचं दुकान आहे. काका व्यवहार बघतात, मुलगा इंजिनं खोलतो, सुटे भाग आणि बिलं वहिनींकडे.

भाव दुसरीकडे कमी होता. तिकडचं कोटेशन दाखवलं तर काका म्हणाले, "नाखवा, एवढंच सुटेल, याच्या खाली मला परवडत नाही." पेट्रोल, बर्फ, जाळ्याची डागडुजी, सगळं पैशापैशाने मोजणाऱ्या घरात हा फरक सहज गिळला जात नाही. वडील दुकानाला ओळखत होते म्हणून तिथे घेतलं, पण मनात सल राहिलाच. होडी ताब्यात देताना काकांनी इंजिन चालू करून मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली माझा हात धरायला लावला. "ही धार रोज बघायची. बारीक झाली की इंजिन बंद." इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी वर ढकलणारं रबरी पात्यांचं चाक, वॉरंटीत बसत नाही, हेही पैसे घेण्याआधीच सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. आमची वेसाव्याची खाडी गाळाची. उधाणाला भरती-ओहोटीत 4 मीटरच्या वर फरक पडतो, सुकतीला तळ जवळ येतो आणि पंखा चिखल घुसळतो. त्यात प्लास्टिक. राज्यात 2018 साली बंदी आली, पण खाडीतल्या पिशव्या काही संपल्या नाहीत. अशीच एक पिशवी पाणी खेचायच्या जाळीवर बसली, धार सुतासारखी झाली आणि बझर वाजला. इंजिन बंद करून वल्ह्यांनी किनारा गाठला. बंदरावरचा मेकॅनिक म्हणाला, इम्पेलर गेलाय, नवा टाकतो, तासाभराचं काम. ते स्वस्तात झालंही असतं. पण वडिलांनी इंजिन टेम्पोत टाकायला लावलं.

दुकानात मुलाने खालचा पाय उतरवला, पंप खोलला आणि इम्पेलर माझ्या हातात दिला. रबराची पाती एका बाजूला वाकून कडक झालेली, आणि एक पातं बुंध्यापासून गायब. नवा इम्पेलर समोर डब्यात होता. तो बसवला असता, धार पडली असती, मी खूश होऊन घरी गेलो असतो. तो म्हणाला, "भाऊ, हा तुकडा कुठे गेला ते आधी बघू." पंपाचं घर बघितलं, पाण्याची नळी फुंकून बघितली, कुठेच नाही. मग वर थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं, झाकण काढलं. तिथे चिखल आणि मिठाच्या खपलीत तो तुकडा रुतून बसला होता. चिमट्याने काढला आणि मोडलेल्या जागेवर लावून दाखवला. बरोबर जुळला.

हा तुकडा आत राहिला असता तर नव्या इम्पेलरनेही पाणी वर पूर्ण चढलं नसतं. इंजिन थोडं थोडं तापत राहिलं असतं आणि एक दिवस पिस्टन जाम झाला असता. मग सिलिंडरचं काम, म्हणजे मोसमाची कमाई गेली. बिल आलं इम्पेलर, गॅस्केट आणि नेहमीच्या मजुरीचं. शोधाशोधीत गेलेल्या वेळेचा एक रुपया लावला नव्हता. जुना इम्पेलर आणि तो तुकडा वहिनींनी पिशवीत घालून, वर तारीख लिहून परत दिला. बदललेला प्रत्येक भाग त्या असाच परत देतात. जुना भाग हातात न देता नव्याचे पैसे घेणारे इतके पाहिलेत की या एका सवयीसाठी मी दुकानाला सगळे गुण द्यायला तयार होतो.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. त्यानंतर एक गुण कापावा लागला.

पंख्यामागे तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, गुंडाळला गेला. तो शाफ्टच्या सीलला कापतो, पाणी आत शिरतं आणि गिअर ऑइल दुधाळ होतं. मी फोटो पाठवला, वहिनींनी लगेच फोन करून सांगितलं, "चालू करू नका, तसंच आणा." निदान अचूक होतं, पण सील दुकानात नव्हतं. मासे लागलेले, आणि होडी किनाऱ्यावर! कंपनीच्या हेल्पलाइनवर तर नोंद घेतलीय एवढंच ऐकायला मिळायचं. मी काकांना फोनवर बरंच बोललो, आणि ते बोलणं आजही मला रास्त वाटतं. गाळाच्या आणि जाळ्यांच्या किनाऱ्यावर इंजिनं विकणाऱ्याने हे सील कायम ठेवायलाच हवं.

काकांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. संध्याकाळी मुलगा स्वतः टेम्पोतून पंधरा हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन घेऊन आला. "आपलं होईपर्यंत हे चालवा." भाडं नाही, डिपॉझिट नाही, वहीत फक्त एक सही. अट एकच, रोज परतल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं. चाळीसच्या होडीला पंधराचं इंजिन म्हणजे वेग नाही, लांब जाता येत नाही, पण जवळची जाळी निघाली आणि चूल पेटती राहिली. सील आल्यावर दोन्ही बाजूंची बदलली, दाब देऊन तपासलं, ऑइल नवं भरलं. कापलेला गुण मी परत देत नाही, कारण सील नव्हतं हे खरंच आहे. पण भावातला जो फरक मला सलत होता, तो त्या उसन्या इंजिनाने केव्हाच फेडला.

घेणाऱ्यांसाठी सांगतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा सर्व्हिसिंगला जूनमध्येच इंजिन द्या. जुलैच्या शेवटी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि काका कोणालाही रांगेत पुढे घेत नाहीत, ओळखीचा असला तरी. इम्पेलर दरवर्षी उघडून बघा. आणि सीलचा एक जादा सेट आधीच घेऊन ठेवा. मी घेतलाय, आणि वहिनींना दुकानातही ठेवायला सांगितलंय.