जोडकमाई 'इतर'मध्ये की 'व्यवसाया'त? गोव्यातल्या नोकरदाराचा हिशेब

माझा मावसभाऊ फोंड्याला राहतो, सिव्हिल इंजिनियर आहे, नोकरी पणजीत. रविवारी बसून लोकांच्या घरांची स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज करून देतो. 2025-26 मध्ये अशी दोन कामं झाली, प्रत्येकी 60,000 रुपयांची. मे महिन्यात फोन आला, "अरे, हे रिटर्नमध्ये खंय दाखवू? यूट्यूबवाले सांगतात, आयटीआर-1 मध्ये 'इतर उत्पन्न' लिही नाहीतर सरळ आयटीआर-4 भर." (आयटीआर-1, 2, 3, 4 हे आयकर रिटर्नचे वेगवेगळे फॉर्म.)

पत्रादेवीच्या पलीकडे, म्हणजे गोव्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रात, तो सल्ला ठीक आहे. इथे तो पहिल्याच पायरीवर अडतो, कारण भावाचं लग्न झालंय.

गोव्यात लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला नसेल, तर पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. आयकर कायद्याचं कलम 5ए हेच पकडून चालतं: पगार ज्याचा त्याचा, बाकी प्रत्येक प्रकारचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. आणि ज्यांचं उत्पन्न असं वाटलं जातं त्यांना आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-4 सुद्धा नाही. उरतात आयटीआर-2 आणि आयटीआर-3. दोन्हींत शेड्युल 5ए असतं, त्यात जोडीदाराचा पॅन आणि वाटणीचे आकडे भरायचे. मी स्वतः लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हे विसरून आयटीआर-1 भरून मोकळा झालो होतो. मग डिसेंबर उलटायच्या आत सुधारित विवरणपत्र भरताना धावपळ झाली ती वेगळीच. अविवाहित असाल, तर तो यूट्यूबवाला सल्ला तुम्हाला लागू पडतो.

आता खरी निवड. आयटीआर-2 मध्ये ही कमाई 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' म्हणून जाते. मिळालेले 1,20,000, त्यातून त्या कामासाठीच झालेला खर्च वजा. भावाचा प्रिंटिंग आणि साइटवरच्या फेऱ्यांचा खर्च 9,000, पावत्या आहेत. राहिले 1,11,000, वाटणीला प्रत्येकी 55,500. पगार स्टँडर्ड डिडक्शननंतर 13 लाख, म्हणजे नव्या करप्रणालीत वरचा रुपया 15 टक्क्यांत. सेस धरून त्याच्या वाट्याचा कर 8,658.

आयटीआर-3 मध्ये हीच कमाई व्यवसायाची ठरते आणि कलम 44एडीए वापरता येतं. जमा रकमेच्या निम्मी रक्कम नफा समजायची, वह्या ठेवायच्या नाहीत, पावत्या जपायच्या नाहीत. नफा 60,000, प्रत्येकी 30,000, त्याचा कर 4,680. फरक जेमतेम चार हजारांचा. आयटीआर-3 भरून द्यायला सीए जास्त फी घेतो, त्यात तो बराचसा विरतो.

पण 44एडीए सगळ्यांना नाही. इंजिनियर, आर्किटेक्ट, डॉक्टर, वकील, अकाउंटंट, इंटिरियरवाले, आयटीतले, तांत्रिक सल्लागार अशी ती ठरलेली यादी आहे. भाषांतर, शिकवणी, हार्मोनियमचे क्लास त्यात बसत नाहीत. अशांना आयटीआर-3 मध्ये खरा खर्च दाखवून नफा काढावा लागतो, आणि मग आयटीआर-2 पेक्षा त्यात फारसं काही हाती लागत नाही.

दुसरी अडचण जुन्या करप्रणालीची. घरकर्जामुळे जुनीच परवडत असेल, तर नुसता पगार आणि 'इतर' उत्पन्न असणाऱ्याला दरवर्षी हवी ती प्रणाली निवडता येते. व्यवसायाचं उत्पन्न आलं की जुनी प्रणाली निवडायला फॉर्म 10-आयईए मुदतीच्या आत भरावा लागतो, आणि एकदा नवीकडे परतलात की व्यवसाय चालू असेपर्यंत जुनीचं दार बंद. चार हजारांसाठी हे लोढणं गळ्यात बांधून घेऊ नये, असं माझं मत.

मात्र कर कुठे कमी पडतो एवढं बघून रकाना निवडता येत नाही, हे भावाला दोनदा सांगावं लागलं. ओळखीतल्या कुणासाठी एकदाच केलेलं काम 'इतर' मध्ये शोभतं. दर ठरलेला, बिलं छापलेली, बिल्डर दर दोन महिन्यांनी फोन करणारा, म्हणजे तो व्यवसायच, मग कमाई लाखाची असो वा दहा लाखांची. शिवाय पैसे देणाऱ्याने कलम 194जे खाली 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला असेल, तर व्यावसायिक फी म्हणून त्याची नोंद तुमच्या 26एएस आणि एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या नावच्या तपशिलात, आधीच बसलेली असते. ती तिथे असताना रिटर्नमध्ये काहीच न दाखवणं हा तर पर्यायच नव्हे. सरकारी नोकरीत असाल, तर रिटर्नच्या आधी खात्याची परवानगी बघा, तो वेगळाच विषय आहे.

आगाऊ कराचं थोडक्यात: टीडीएस जाऊन 10,000 किंवा जास्त कर उरत असेल तर तो वर्षातच भरायचा. 44एडीएवाल्याला एकच हप्ता, 15 मार्चचा. बाकीच्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार. ऑफिसला ही कमाई सांगायला हरकत नसेल तर पगारातूनच जास्त टीडीएस कापून घेणं सगळ्यात सुटसुटीत. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, पण 2025-26 च्या कमाईला 1961 चाच कायदा लागू आहे.

भावाची दोन्ही कामं एकाच बिल्डरची होती आणि तिसरं ठरलेलं होतं. त्यामुळे आयटीआर-3, नवी प्रणाली, 44एडीए. राहिला टीडीएस. बिल्डरने 12,000 कापले होते, सगळे भावाच्या पॅनवर. पण उत्पन्न वाटलं तसा टीडीएसही वाटला जातो, टीडीएसच्या शेड्युलमध्ये 5ए खाली जोडीदाराच्या नावे रक्कम दाखवायची सोय आहे. वहिनीचं दुसरं काही उत्पन्न नाही, तेव्हा तिच्या 30,000 वर कर शून्य आणि 6,000 पूर्ण परत. त्यासाठी तिला तिचं स्वतःचं रिटर्न भरावं लागेल, आयुष्यातलं पहिलं.

"म्हणजे हे सहा हजार माझ्या खात्यात येणार?" वहिनीने फोनवर तीनदा विचारून घेतलं. मग मागून आवाज आला, "यंदा चवथीची माटोळी माझ्या पैशांची." माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट.