चांदीचं पाणी बनवायचं घरगुती यंत्र: आठ महिने चालवून पाहिल्यावर

नव्या दोन तारा सोनाराच्या काट्यावर मिळून 10.4 ग्रॅम भरल्या होत्या. आठ महिन्यांत साठ वेळा पाणी बनवल्यावर त्याच तारा 9.4 ग्रॅम भरतात. जवळजवळ एक ग्रॅम चांदी गेली. थोडी फडक्याला पुसली गेली, बाकीची सगळी पाण्यात उतरली. या यंत्राबद्दल, म्हणजे कोलॉइडल सिल्व्हर (चांदी उतरवलेलं, औषध म्हणून पितात ते पाणी) बनवायच्या किटबद्दल, बोलताना हा हिशेब कुणी मांडत नाही. ‘किती पीपीएम’, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम चांदी, एवढंच विचारतात.

आधी वस्तूविषयी. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 27 व्होल्ट, दोन मगरी क्लिपा, शुद्ध चांदीच्या दोन तारा, काचेची बरणी. तार 99.99 टक्क्यांची हवी. दागिन्यांची 925 चांदी लावली तर साडेसात टक्के इतर धातू, बहुधा तांबं, तेही पाण्यात उतरतं. पाणी डिस्टिल्डच लागतं. आरओचं चालत नाही, कारण त्यात क्लोराइड उरलेलं असतं आणि चांदी त्याला चिकटून दुधट गढूळपणा येतो. ‘लवकर होतं’ म्हणून चिमूटभर मीठ टाकणाऱ्यांच्या बरणीतही हेच घडतं. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी स्वस्त असलं तरी ते पिण्यासाठी भरलेलं नसतं.

किटमधली मोठी खोट म्हणजे करंटला लगाम नाही. सुरुवातीला पाणी वीज नेतच नाही. मग चांदी उतरू लागली की करंट चढतो, करंट चढला की चांदी आणखी वेगाने उतरते. अर्ध्या तासासाठी विसरलात तर एका तारेवर काळी जाळी लोंबते आणि तळाला करडा गाळ बसतो. करंट एक मिलिअँपिअरच्या वर जाऊ न देणारा छोटा भाग, म्हणजे करंट रेग्युलेटर डायोड, मधे टाकल्यावर हे थांबलं, आणि मोजमापही सोपं झालं. एक मिलिअँपिअर एक तास वाहिला की चार मिलिग्रॅम चांदी सुटते. हे विजेचं पक्कं गणित आहे, त्याला मीटर लागत नाही. एक लिटर पाण्यात चार तास चालवलं की सोळा मिलिग्रॅम, म्हणजे वरवर पाहता 16 पीपीएम.

सोबत येणारा टीडीएस मीटर चांदी मोजत नाही. पाणी वीज किती नेतं तेवढं पाहतो आणि ते मिठाच्या मापात दाखवतो. पाणी उघडं ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळूनही आकडा वर सरकतो. खरी फसगत पुढे आहे. दोन-चार दिवसांनी पाण्याला पिवळसर झाक येते, विरघळलेल्या, वीज नेणाऱ्या चांदीचे (आयनांचे) बारीक कण बनतात आणि मीटरचा आकडा खाली येतो. माणसाला वाटतं ताकद गेली, तो पुन्हा यंत्र लावतो. चांदी होती तेवढीच होती, आता तिच्यावर आणखी चढली. नेमका आकडा हवा असेल तर धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो.

आता पिण्याचं. किटसोबतच्या पत्रकात सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा कप लिहिलंय. ते सुमारे 240 मिलिलिटर झालं, म्हणजे रोज जवळजवळ चार मिलिग्रॅम चांदी. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तोंडावाटे जाणाऱ्या चांदीची मर्यादा किलोमागे दिवसाला पाच मायक्रोग्रॅम धरली आहे. साठ किलोच्या माणसाला 0.3 मिलिग्रॅम. पत्रक त्याच्या तेरापट पाजतं. त्या मर्यादेत राहायचं तर या पाण्याचे चार चमचेही होत नाहीत. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस 10500 लिटरला 0.1 मिलिग्रॅमपर्यंतच चांदी चालवून घेतं. बरणीत त्याच्या एकशे साठपट आहे.

पोटात गेलेल्या चांदीतली थोडीच रक्तात शिरते. पण शिरते त्यातली काही शरीर सोडतच नाही. ती त्वचेत, विशेषतः घामाच्या ग्रंथींभोवती, बसते. उन्हाने तिचे काळे कण होतात, जुन्या फोटोच्या कागदासारखंच. यालाच आर्जिरिया म्हणतात. कपाळ, नाक, हात असे उन्हातले भाग निळसर करडे पडतात. सुरुवात बहुतेकदा हिरड्यांवर आणि नखाच्या मुळाशी असलेल्या चंद्रकोरीत दिसते, म्हणून आरशात आधी तिथे पाहावं. रक्ताभिसरण मंदावून आलेला निळेपणा बोटाने दाबला की क्षणभर फिका होतो. हा होत नाही. शरीरातले जड धातू बाहेर काढायच्या औषधांनी तो जात नाही. काही ठराविक लेझरने काहींचा रंग उतरला आहे, तो खर्च आणि वेदना झेलून.

अमेरिकेत मोंटानाचे स्टॅन जोन्स 1999 मध्ये, वायटूकेच्या (सन 2000 लागताच संगणक बंद पडतील या भीतीच्या) गोंधळात अँटिबायोटिक्स मिळणार नाहीत या धास्तीने, घरी बनवलेलं हेच पाणी पिऊ लागले. 2002 मध्ये ते सिनेटची निवडणूक लढवत होते तेव्हा त्यांचा निळसर चेहरा देशभर गाजला. रंगापुरतं प्रकरण थांबेलच असंही नाही. चार महिने असं पाणी पिणाऱ्या 71 वर्षांच्या एका गृहस्थाला न थांबणारे झटके आले, शुद्ध परत आली नाही आणि तो दगावला. ही नोंद 2004 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी याच्या जवळपासही जाऊ नये. गोळीचं शोषण घटू शकतं. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिक्सचंही तेच. नेब्युलायझरमध्ये घालून वाफ घेणं तर पिण्याहून वाईट, कारण कण थेट फुप्फुसात उतरतात.

‘वर्ख खातोच की, चांदीच्या पेल्यातून बाळाला पाणी पाजतोच की’ हा युक्तिवाद हमखास येतो. धातूची चांदी सहजी विरघळत नाही, म्हणून तर पणजीचा पेला आजही फडताळात आहे. इथे तीच चांदी वीज लावून मुद्दाम विरघळवलेली असते, आणि दिवाळीपुरती नव्हे तर रोज. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम हीही वेगळी गोष्ट. ते वरून, जखमेवर आणि डॉक्टरांच्या सांगण्याने लावायचं असतं. पिण्याच्या चांदीबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1999 मध्येच निकाल दिला: चिठ्ठीशिवाय मिळणारी अशी औषधं सुरक्षितही मानता येत नाहीत आणि गुणकारीही.

त्यामुळे यंत्राला विजेचा प्रयोग म्हणून पाचात तीन, पिण्याच्या कामासाठी शून्य. उरलेलं पाणी माशांच्या टाकीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, जलचरांना चांदी फार कमी मात्रेत मारते. तारा मात्र सोनार घेतो. काळी पडलेली म्हणून थोडी घट धरतो, तेवढी धरू द्यावी.