लॉकडेपच्या भरवशावर सस्पेंड-रिझ्युम: काही महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्स कर्नलमधलं लॉकडेप (लॉक घेण्याच्या क्रमातल्या, मशीन अडकवणाऱ्या चुका शोधणारं साधन) मी ड्रायव्हरच्या सस्पेंड-रिझ्युम, म्हणजे झोपवणं-उठवणं, कोडवर गेले काही महिने रोज चालवतोय. आधीच सांगतो, बंद करणार नाही. पण सस्पेंडमधल्या निम्म्या भानगडी त्याला दिसतच नाहीत, आणि हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीसोबत हे कर्नलमध्ये आलं. खरी गंमत अशी की मशीन प्रत्यक्ष अडकावं लागत नाही. कोणतं लॉक कशानंतर घेतलं याची ते नोंद ठेवतं. एका वाटेने अ मग ब, दुसऱ्या वाटेने ब मग अ, असं एकेकदा घडलं की लगेच तक्रार. वर्कक्यूचं (नंतर करायच्या कामांची रांग) काम संपायची वाट पाहणंही ते यातच धरतं.

मला सगळ्यात जास्त फायदा तिथेच झाला. एका सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये सस्पेंड फंक्शन म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) घेऊन कॅन्सल_वर्क_सिंक बोलवत होतं, जे रांगेतलं काम, म्हणजे वर्क, रद्द करतं आणि ते चालू असेल तर संपेपर्यंत थांबतं. ते वर्क चालू झालं की पहिल्याच ओळीत तोच म्युटेक्स मागायचं. सस्पेंड वर्क संपायची वाट बघणार, वर्क म्युटेक्स सुटायची, दोघंही बसून, म्हणजेच डेडलॉक. एरवी हे क्वचितच जुळून येतं, म्हणून कोड वर्षानुवर्षं सुखाने नांदतो. लॉकडेपने पहिल्याच सस्पेंडला पकडलं. दुरुस्ती म्हणजे कॅन्सल म्युटेक्सच्या बाहेर, आधी. मात्र त्याच्याही आधी इंटरप्ट (हार्डवेअरचा इशारा) बंद करायला हवा, नाहीतर तो वर्क पुन्हा रांगेत टाकतो.

आणि इथेच मेख आहे. इंटरप्ट बंद करणारं डिसेबल_आयआरक्यू हे त्या इंटरप्टचा हँडलर (तो हाताळणारं फंक्शन) संपेपर्यंत थांबतं. थ्रेडेड (वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा) हँडलर तोच म्युटेक्स घेत असेल आणि तुम्ही म्युटेक्स धरून इंटरप्ट बंद केलात, तर डेडलॉक तोच, फक्त लॉकडेप गप्प.

गप्प राहण्याची मोठी जागा वेगळीच आहे. सस्पेंडचे कॉलबॅक (ड्रायव्हरने दिलेली फंक्शन्स) चालताना ड्रायव्हर कोअर, म्हणजे ती बोलवणारा कर्नलचा भाग, त्या डिव्हाइसचं लॉक धरून असतो, आणि नेमकं तेच लॉक लॉकडेपच्या तपासणीतून वगळलेलं आहे. वगळण्यामागे कारण आहे: डिव्हाइसच्या झाडात एकाच जातीची लॉक एकात एक घेतली जातात, खोट्या तक्रारींचा पाऊस पडला असता. पण म्हणून कॉलबॅकमधून स्वतःचंच डिव्हाइस काढून टाकू पाहणारा कोड सरळ अडकतो आणि लॉगमध्ये एक अक्षर येत नाही. असिंक सस्पेंडमध्ये (अनेक डिव्हाइस एकाच वेळी झोपवताना) पालक डिव्हाइस मुलांची वाट कम्प्लीशनवर (काम झाल्याची खूण) बघतं, तेही नोंदीत नाही. कम्प्लीशन धरणारं क्रॉसरिलीज हे लॉकडेपचं अंग कर्नल ४.१४ मध्ये आलं होतं, ४.१५ मध्ये काढूनही टाकलं.

अशा ठिकाणी मी डीपीएम वॉचडॉगवर, म्हणजे सस्पेंडवर घड्याळ लावणाऱ्या कर्नलच्या सोयीवर, अवलंबून असतो. एखादा कॉलबॅक ठरलेल्या मुदतीत परतला नाही, तर तो अडकलेल्या थ्रेडचा स्टॅक (तो कोणत्या फंक्शनमध्ये अडकलाय ती यादी) छापतो आणि कर्नल पॅनिक करतो, म्हणजे मुद्दाम पाडतो. आडदांड आहे, पण काळ्या स्क्रीनपेक्षा बरा. नो_कन्सोल_सस्पेंड (सस्पेंडमध्येही कन्सोल चालू ठेवतं) आणि पीस्टोर (पॅनिकनंतरही लॉग जपून ठेवतं) आधी चालू ठेवा, नाहीतर तो स्टॅक कुणालाच दिसणार नाही. स्टॅक फक्त वाट बघणाऱ्याचा असतो. लॉक कुणी धरलंय ते कोड वाचूनच शोधायचं.

पीएम_टेस्टमध्ये (सस्पेंडची अर्धवट चाचणी घेणारी कर्नलची सेटिंग) 'डिव्हायसेस' लिहून सस्पेंड लूपमध्ये चालवणं ही माझी आवडती सवय. डिव्हाइस झोपतात, पाच सेकंद थांबून उठतात, फर्मवेअर मध्ये येत नाही. पीएम_असिंकमध्ये शून्य टाकल्यावर, म्हणजे असिंक सस्पेंड बंद केल्यावर, अडकणं थांबलं, तर संशय डिव्हाइस झोपण्याच्या क्रमावर.

आता कुरबुरी. लॉकडेप एकदा तक्रार करतं आणि रीबूट होईपर्यंत स्वतःला मिटून घेतं. बूट होताना दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरने ती तक्रार खाल्ली की आपल्या सस्पेंडची तपासणी झालीच नाही, आणि स्वच्छ लॉग बघून आपण खूश. त्यामुळे लूप सुरू करण्याआधी आधीचा लॉग तपासायचाच. दुसरं, कर्नल जाणवण्याइतका मंद होतो, वेळा बदलतात, आणि वेळेवर अवलंबून असलेला खरा डेडलॉक कधीकधी त्यातच दडून बसतो. म्हणून तोच लूप लॉकडेपशिवायच्या कर्नलवरही, फक्त वॉचडॉग ठेवून, रात्रभर सोडतो.

ड्रायव्हरचे स्वतःचे म्युटेक्स आणि वर्कक्यू यांच्यासाठी लॉकडेपला माझे पाचपैकी पाच. डिव्हाइस लॉक आणि कम्प्लीशनसाठी शून्य.