गळ घेऊन कुठं जायचं: उजनी, भाटघर की थेट तीर्थन?

मेहुण्याने मासे धरायचा रॉड ऑनलाइन मागवला. खोक्यावर बर्फाचा डोंगर आणि त्याच्यापुढे उडी मारणारा ट्राउट मासा. खोकं फोडायच्या आधीच त्याचा फोन आला, "दाजी, मे महिन्यात आठ दिवस सुट्टी टाकतोय. उजनीला जाऊ, भाटघरला जाऊ का डायरेक्ट हिमाचलातली तीर्थन नदी गाठू?"

मी म्हटलं, मे महिन्यात सुट्टी टाकलीस तिथंच निम्मा मासा सुटला.

तो हसला, पण मी थट्टा करत नव्हतो. सोलापुरात चाळीस-बेचाळीस डिग्री ऊन झालं की सगळ्यांना पाण्याकाठी जावंसं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्या आसपासचं पाणी आटलेलं असतं. म्हणून ठिकाणांची तुलना करण्याआधी रजेचा अर्ज बघा. मी तिन्ही ठिकाणी गळ टाकून बसलोय. एका ठिकाणी पिशवी भरली, एका ठिकाणी गळ हरवले आणि एका ठिकाणी दोन दिवसांत एकही मासा न मिळता समाधानाने परत आलो.

ज्यांनी अजून एकदाही रॉड फेकलेला नाही, त्यांनी आधी तुळजापूर रस्त्याच्या हिप्परग्याच्या तलावावर दोन-चार रविवार घालवावेत. १८७१ साली पुरा झालेला हा एकरुख तलाव म्हणजे आपल्या दाराशी असलेली शाळा. दोरा गुंतवायचा तो इथं गुंतवा, दोनशे किलोमीटर जाऊन नको.

उजनी: मासा हवा असेल तर

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. यशवंतसागर हे त्याच्या जलाशयाचं नाव, पण ते फलकावरच राहिलं. पूर्ण भरल्यावर साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दारांच्या खाली राहणारं पाणी, आणि वरचं ५३ टीएमसी वापरायचं. पेपरात "उजनी वजा तीस टक्के" अशी बातमी येते तेव्हा धरण कोरडं पडलं असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं. वापराचं ५३ संपून मृतसाठ्यातलंही सोळा-एक टीएमसी उचललेलं असतं, खाली सत्तेचाळीस उरतं. मासा त्यात असतोच, फक्त तुमच्यापासून लांब गेलेला असतो. काठ मागे सरकतो आणि मधे गुडघाभर चिखल येतो. २०२४च्या उन्हाळ्यात साठा वजा पन्नासच्याही खाली गेला होता. त्या मे महिन्यात रॉड घेऊन जाणाऱ्याला मासा नाही, पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ बघायला मिळालं असतं. तेही बघण्यासारखं आहे म्हणा.

पण दिवाळी ते फेब्रुवारी या दिवसांत उजनीसारखं पाणी आपल्याला दुसरं नाही. टेंभुर्णीपर्यंत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, भिगवणपर्यंत दीडशे. पहाटे चारला निघालं की उजाडताना गळ पाण्यात. काठ उथळ आणि सपाट, त्यामुळे नवख्याला लांब फेकता आलं नाही तरी चालतं.

सगळ्यात जास्त लागते ती चिलापी. ही मूळची आफ्रिकेची. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे वाचणाऱ्या पिल्लांचं प्रमाण भरपूर. म्हणूनच भिगवणच्या बाजारात तिचे ढीग दिसतात. गांडुळाचा तुकडा, लहान गळ, वर तरंगा, बस. लहान पोरालाही लागते. जातिवंत गळवाले तिला नाकं मुरडतात, पण तव्यावर टाकल्यावर मुरडलेलं नाक कुणाचं राहिलेलं मी पाहिलं नाही.

रोहू-कटल्यासाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून गोळा करा. पेंड आपल्याकडे कुठंही मिळते आणि तिचा वास पाण्यात लांबवर जातो. मरळ हवी असेल तर गवताच्या कडेला जिवंत लहान मासा लावून शांत बसा. वाम रात्रीची, चिखलातली. पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नका, हातातून दोन वेळा निसटली की माणूस छंद सोडतो.

उजनीचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सावली नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं येतं. उन्हाळ्यात काठाला हिरवी साय धरते आणि वास सुटतो. आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी येतं ते हेच पाणी, हा विचार काठावर बसून करू नये. शिवाय हे पाणी म्हणजे शेकडो घरांची रोजीरोटी आहे. मच्छीमारांनी जाळी लावली असतील तिथून लांब बसा आणि बसण्याआधी विचारा. मला एकाने विचारल्यावर नुसती जागाच दाखवली नाही, "इथं खाली बाभळी हायत्या, गळ अडकंल" हेही सांगितलं. धरणाच्या भिंतीच्या जवळपास रॉड काढूच नका.

घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर भिगवणजवळचं कुंभारगाव किंवा डिकसळ धरा. नोव्हेंबर ते मार्च रोहित पक्षी, बदकं, करकोचे. होडीवाले सकाळी फिरवून आणतात. सकाळीच जा. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. हे पाणी इतकं रुंद आहे की वारा सुटला की तळ्यासारखं वागत नाही. लाइफ जॅकेट नसलेल्या होडीत पाय ठेवू नका, होडीवाला कितीही ओळखीचा असला तरी.

भाटघर: डोंगर हवा असेल तर

माळशिरस, पंढरपूर, सांगोल्याकडच्या मंडळींना भाटघर सांगायला नको. नीरा उजव्या कालव्याचं पाणी तिथून येतं. भोरजवळ वेळवंडी नदीवर १९२८ साली उभं राहिलेलं हे लॉइड धरण. पाणी सह्याद्रीच्या दोन रांगांमध्ये लांबट पसरलेलं, वरच्या अंगाला राजगडाचा डोंगर. सोलापूरहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुक्काम हवाच.

इथं सगळा हिशोब उलटा होतो. काठ उतरता, खडकाळ आणि पाणी दोन पावलांवर खोल. बांबूची काठी आणि तरंगा इथं अपुरा पडतो. रीळ हवं, शिसं जरा जड हवं, आणि मन मोठं हवं, कारण तळाशी जुनी झाडं आणि दगड आहेत. पहिल्या दिवशी माझे सात गळ तिथं राहिले. संध्याकाळपर्यंत दोन मध्यम रोहू मिळाले. तेवढ्याच वेळात उजनीला पिशवी भरली असती.

मग भाटघरला का जायचं? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाऊन बघा. पाणी काठोकाठ, डोंगर अजून हिरवे, सकाळी पाण्यावरून धुकं सरकत असतं आणि थंडीने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरावा लागतो. सोलापूरच्या माणसाला एवढं पुरे आहे. तंबू ठोकून राहणाऱ्यांची सोयही भोरच्या आसपास आता होते. जागामालकाला गळाचं आधीच विचारून ठेवा, कारण धरणांत बीज सोडून मासेमारीचा ठेका घेतलेला असतो आणि तुमचा छंद त्या ठेक्यापुढे पाहुणा.

सह्याद्रीच्या या नद्यांचा खरा मानकरी महसीर. विल्यम साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद १८३९च्या सुमारास छापली. त्यात या माशाला "खुद्री" हे नाव दिलं, आणि शास्त्रात तो आजही टोर खुद्रीच आहे. साईक्सला तो मिळाला पुण्याजवळच्या मुळा-मुठेत. म्हणजे मघाशी ज्या सांडपाण्याचं बोललो, त्याच नदीत. आता तो बघायचा तर महाडजवळ वाळण कोंडीला जावं, तिथं देवीचा मासा म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. लोणावळ्याला वळवणच्या तळ्याकाठी टाटांच्या केंद्रात त्याची पैदास करून पिल्लं सोडली जातात. चुकून तुमच्या गळाला लागलाच, तर ओल्या हाताने गळ काढून परत सोडा. फोटो पाण्याच्या वरच काढा, काठावर आपटून नाही.

पावसाळ्यात इकडे फिरकू नका. जून-जुलैत मासा अंडी घालायला उलट्या पाण्याने वर चढतो. चढणीचा मासा धरणं गावाकडे फार सोपं असतं, आणि पोटात अंडी असलेला एक मासा म्हणजे पुढच्या वर्षीचे किती, हे ज्याचं त्याने मोजावं. घाटातला ओढाही तासाभरात अंगावर येतो. मे महिन्यातही इथं उजनीसारखीच गत. पाणी उतरतं आणि कांबरे गावाजवळ वेळवंडीतलं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. म्हणजे मे महिन्यात दोन्हीकडे देवदर्शन, मासा नाही. त्याच महिन्यात पोहायचा मोह सगळ्यात जास्त होतो. २०२२च्या मे महिन्यात भाटघरच्या पाण्यात एकाच नात्यातल्या पाच जणी बुडाल्या. उतरत्या काठावर पुढचं पाऊल कुठं जाईल याचा अंदाज तिथल्यांनाही येत नाही. पोरांना काठावर मोकळं सोडायचं असेल तर उजनीचा सपाट काठ बरा, तोही नजरेसमोर.

कोयनेचं शिवसागर, तापोळा-बामणोली या यादीत का नाही, असं कुणी विचारेल. ते पाणी भाटघरहून देखणं आहे यात वाद नाही. पण त्याचा मोठा भाग कोयना अभयारण्यात येतो. तिथं होडी, कयाक, वासोट्याची चढाई, सगळं करा. गळ घरी ठेवून जा.

तीर्थन: ज्याला फेकता येतं त्याच्यासाठी

आता खोक्यावरचा ट्राउट. तो आपला नाहीच. इंग्रजांनी थंड पाण्याच्या नद्यांत आणून सोडलेला, कुल्लू खोऱ्यात १९०९च्या सुमारास. त्याला वर्षभर गार, उसळतं पाणी लागतं, म्हणून तो आपल्या महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत मिळणार नाही, रॉड कितीही महाग घ्या. तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून उतरते आणि लारजीला बियासला मिळते. गुशैनीच्या आसपास घरगुती मुक्कामाची ठिकाणं आहेत, आणि मत्स्य विभागाचा रोजचा परवाना काढायला तेच लोक मदत करतात. परवान्याशिवाय काठावर रॉड उघडायचा नाही.

सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेस थेट नवी दिल्लीला जाते. तिथून मनालीकडची रात्रीची बस, औटला उतरायचं, पुढे बंजारवरून गुशैनी. जायला दोन दिवस, यायला दोन. आठ दिवसांच्या रजेत नदीवर चारच मिळतात. खर्च माझ्या हिशोबाने उजनीच्या दहा-बारा रविवारांएवढा, त्यात चिलापीची बचत धरलेली नाही.

इथं बसून राहायची पद्धत नाही. गांडूळ आणि तरंगा विसरा. चमकता स्पिनर (पाण्यात फिरणारं धातूचं खोटं आमिष) किंवा पिसांची बनवलेली खोटी माशी फेकायची, ओढायची, दहा पावलं वर जायचं, पुन्हा फेकायची. दगड शेवाळलेले, पाणी मांडीपर्यंत आलं की पाय बधिर. मी पहिल्याच दिवशी सपशेल आडवा झालो, रॉड वाचला, मोबाइल नाही. दोन दिवसांत चार वेळा मासा स्पिनरच्या मागे आला आणि वळून गेला. त्या पाण्यात तो स्वच्छ दिसतो, अंगावरच्या ठिपक्यांसकट. लागलाच तर ठरावीक मापाखालचा सोडावाच लागतो, मोठाही सोडतात बरेच जण.

हंगामाचं गणित मात्र पक्कं लक्षात ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी, तो अंडी घालण्याचा काळ. म्हणजे दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तरच उपयोग. २०२६ची लक्ष्मीपूजनाची तारीख ८ नोव्हेंबर, त्या सुट्टीत तीर्थनला गेलात तर नुसती नदी बघून याल. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ आणि रस्त्यांचा भरवसा नाही. २०२३च्या जुलैत कुल्लू खोऱ्यातले रस्ते पुराने वाहून गेले होते. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदीला जोर असतो, पण कडेच्या शांत डोहांत संधी मिळते. तीन ठिकाणांपैकी मे महिन्यात गळ टाकण्यासारखं हे एकच.

मग काय ठरवायचं

पहिला रॉड, सोबत पोरं, हातात एक रविवार असेल तर उजनी, आणि तेही थंडीत. दिवाळीनंतरचे दोन-तीन दिवस मिळत असतील, मासा मिळाला नाही तर चिडचिड होणार नसेल, तर भाटघर. तीर्थनला जायचं तर आधी एक अख्खा हिवाळा उजनीवर फेकायचा सराव करा. नुसतं थंड हवेत नदीकाठी लोळायचं असेल तर सराव नको, पण मग रॉडही कशाला, पुस्तक न्या. मला स्वतःला निवड करायला सांगितली तर दरवर्षी उजनी आणि एक वर्षाआड भाटघर. तीर्थनला एकदा जाऊन आलो, पुन्हा जाईन ते त्या चार माशांपैकी एकासाठी.

मेहुण्याला हे सगळं फोनवर सांगायला पाऊण तास लागला. त्याने रजा जानेवारीत ढकलली. आठ दिवसांची चार केली, उरलेली चार पुढच्या ऑक्टोबरसाठी राखली. मागून त्याच्या बहिणीचा आवाज आला, "मासे आणा, पण तिकडंच साफ करून आणा." आता तो खोक्यावरचा ट्राउट कापून भिंतीला चिकटवणार म्हणतोय आणि मला विचारतोय, दाजी, पेंड किती किलो घेऊ.