‘इन सर्च ऑफ हेडीझ’ : पावसाळाभर ऐकलेला टँजरीन ड्रीमचा संच

टँजरीन ड्रीम या बर्लिनच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वाद्यवृंदाने १९७३ ते १९७९ या काळात व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीसाठी जे ध्वनिमुद्रण केले, ते २०१९ मध्ये ‘इन सर्च ऑफ हेडीझ’ या नावाने एकत्र प्रसिद्ध झाले. १६ सीडी, २ ब्लू-रे आणि सोबत एक पुस्तक, असा हा भरगच्च ऐवज आहे. मृगाच्या आधी तो वेंगुर्ल्याच्या घरी आला आणि दिवाळी उलटली तरी ऐकणे संपलेले नाही. ‘फेड्रा’, ‘रुबिकॉन’ आणि ‘रिकोशे’ हे अल्बम मला आधीपासून परिचयाचे होते, त्यामुळे त्यांच्या स्वच्छ केलेल्या आवृत्त्यांसाठी एवढा खर्च करावा का, ही शंका मनात होती. आता माझे मत असे झाले आहे की या संचाचा खरा जीव त्या अल्बमांपेक्षा त्यांच्या आजूबाजूला ठेवलेल्या सामग्रीत आहे : ‘फेड्रा’च्या वेळी बाजूला पडलेल्या ध्वनिफितींत आणि लंडनच्या १९७४-७५ मधील मैफलींत.

याचे कारण सिक्वेन्सरच्या, म्हणजे ठरवून दिलेले स्वर एकामागून एक आपोआप वाजवणाऱ्या यंत्राच्या कामात आहे. मूग या सिंथेसायझरच्या सिक्वेन्सरमध्ये आठ-आठ घरांच्या ओळी असतात, प्रत्येक घराला स्वतःची खुंटी असते आणि ती जेवढी फिरवावी तेवढा विजेचा दाब ऑसिलेटरकडे, म्हणजे ध्वनी निर्माण करणाऱ्या भागाकडे जाऊन त्यातून स्वर ठरतो. यंत्र ही घरे क्रमाने फिरत राहते, पण कोणते घर केव्हा बदलायचे, आवाजाची गाळणी (फिल्टर) किती उघडायची आणि एखादा स्वर मध्येच कधी वगळायचा, हे वाद्यवृंदातील क्रिस्तोफर फ्रांके हाताने करत असे. शिवाय त्या काळचे ऑसिलेटर तापमानानुसार सरकत असत. आमच्याकडे आषाढात तंबोरा जुळवून ठेवला तर अर्ध्या तासात त्याचा षड्ज हलतो, तसाच हा प्रकार. १९७३ च्या अखेरीस ऑक्सफर्डशायरमधील मॅनर स्टुडिओत ‘फेड्रा’ मुद्रित होताना सिक्वेन्सरवरची खर्जाच्या स्वरांची साखळी अशीच सरकली, फ्रांकेने ती चालू असतानाच सावरली आणि तो सगळा खटाटोप अल्बममध्ये तसाच राहिला. मूळ अल्बम ऐकताना ही गोष्ट योजून केल्यासारखी वाटते. उरलेले तुकडे आणि मैफली सलग ऐकल्यावर मात्र साखळी कशी उभी राहते, कुठे अडखळते आणि एडगर फ्रोझे व पीटर बाउमान हे त्याचे साथीदार तिच्याभोवती किती सावधपणे वाट पाहतात, हे स्पष्ट होते. यंत्राच्या संगीतात माणूस नसतो असे म्हणणाऱ्याला मी १९७५ ची रॉयल अल्बर्ट हॉलची मैफल ऐकवीन.

संचाची काळोखी बाजू तुलनेने लहान आहे, पण तीच मी अधिक वेळा ऐकली. ‘फेड्रा’मधील ‘मिस्टीरियस सेम्ब्लन्स’ या रचनेत ठेका जवळजवळ नाहीच; मेलोट्रॉन या टेपवरचे ध्वनी वाजवणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्याचे तंतुवाद्यांसारखे स्वर एकमेकांवर येऊन पडतात आणि सगळे मिळून धुके दाटल्यासारखे होते. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली साधारण आठ सेकंदांची टेप असते, म्हणून वादकाला स्वर सोडून पुन्हा धरावा लागतो, आणि चांगल्या हेडफोनवर ही उचल ऐकू येते. ‘ईडिपस टिरॅनस’ हे १९७४ च्या नाट्यप्रयोगासाठी केलेले संगीत पूर्ण स्वरूपात प्रथमच या संचात आले आहे. ते सर्वत्र सारखे उंचीचे नाही, मधले काही भाग नाटकाच्या प्रसंगाशिवाय पोकळ वाटतात, तरीही त्यातील जड, संथ आरंभ मला ‘रुबिकॉन’च्या पहिल्या भागाइतकाच महत्त्वाचा वाटतो. या वाद्यवृंदाचा सर्वांत काळोखा अल्बम, म्हणजे चार चेलोवादकांना घेऊन केलेला १९७२ चा ‘त्साइट’, मात्र येथे मिळणार नाही, कारण तो आधीच्या ओर या कंपनीचा आहे. केवळ डार्क अँबियंटसाठी, म्हणजे अशा संथ, काळोख्या, ठेका नसलेल्या संगीतासाठी हा संच घेऊ पाहणाऱ्याने ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी.

स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने ‘फेड्रा’ आणि ‘रिकोशे’ यांचे नव्याने केलेले मिश्रण ब्लू-रेवर ५.१ स्वरूपात, म्हणजे भोवतालच्या पाच स्पीकरांसाठी आणि एका खर्जाच्या स्पीकरसाठी आहे. ‘रिकोशे’ त्यात फार खुलतो, कारण एकमेकांत गुंतलेल्या साखळ्या वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि कान त्यांतील एकेक धरून पुढे जाऊ शकतो. ‘फेड्रा’ मात्र मला जुन्या स्टिरिओतच अधिक भावला. त्याची दाटी मोकळी झाली की त्याची भीतीही थोडी कमी होते.

किनाऱ्यावरच्या घरात हे संगीत ऐकण्याच्या काही अडचणी आहेत आणि त्या क्षुल्लक नाहीत. या रचना फार हळू आवाजात सुरू होतात, आणि पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असताना पहिली दोन-तीन मिनिटे स्पीकरवर ऐकूच येत नाहीत. म्हणून आषाढ-श्रावणात कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यावे लागले आणि ५.१ चे ऐकणे भाद्रपद संपेपर्यंत लांबले. वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर चालवला तर जी घरघर येते, ती चित्रपटगीतांत खपून जाते, येथे ती संगीताचाच एक थर होऊन बसते. पुस्तकाच्या गुळगुळीत कागदाला दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही, तेव्हा ते सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. सीडी मी एकदा संगणकावर उतरवून घेतल्या आणि ऐकतो त्या फायलीच.

१९७८ चा ‘सायक्लोन’ गायनामुळे या मालिकेत उपरा वाटतो आणि मी तो फारसा लावत नाही. १९७६ चा ‘स्ट्रॅटोस्फिअर’ नीटस आहे. १९७९ चा ‘फोर्स माझर’ मात्र अनपेक्षितपणे मनात घर करून राहिला. ड्रम-गिटारच्या गजबजाटानंतर शेवटच्या रचनेत सिक्वेन्सर ज्या राकटपणे पुढे येतो, त्यासाठी तो पुन्हा पुन्हा ऐकावा.

ज्यांच्याकडे ब्लू-रे प्लेअर आणि पाच स्पीकर नाहीत आणि मैफलींच्या कच्च्या ध्वनिमुद्रणात रस नाही, त्यांनी याच काळात सुट्या निघालेल्या ‘फेड्रा’ आणि ‘रुबिकॉन’च्या नव्या सीडी घ्याव्यात. बाकीच्यांनी हा संच घेतल्यास आरंभ पहिल्या सीडीपासून न करता लंडनच्या मैफलींपासून करावा.